दोनदा शंभरने

संघमित्राताईंसारखं डोकं खाणारं माणूस परळच्या आमच्या अख्ख्या संस्थेत मी दुसरं पाहिलं नाही. पद टेक्निशियनचं, नोकरी एकोणीस वर्षांची, आणि आकड्यापुढे एकक नसेल तर पीएचडीवाल्याचीही फाइल परत. चहा सांगताना नुसतं 'अर्धा' म्हटलं तरी विचारणार, अर्धा कप की अर्धा ग्लास?

कोकणातल्या काही कुटुंबांत चालत आलेला रक्ताचा एक दोष किती जुना आहे, हे आम्ही शोधत होतो. दर पिढीला डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल होते. तिचा वेग ठाऊक असला की वय काढता येतं. हा वेग कुणी मॉर्गनमध्ये लिहितं, कुणी सेंटीमॉर्गनमध्ये. एका मॉर्गनचे शंभर सेंटीमॉर्गन, चौथीतल्या पोराला जमेल इतका सोपा हिशोब. तरी ताईंनी फाइलीच्या माथ्यावर लिहिलंच होतं, 'शंभरने भागून मॉर्गन केले आहेत. पुन्हा भागू नये.' त्यांच्या सूचना वाचणं मी केव्हाच सोडलं होतं. मी पुन्हा शंभरने भागलं.

दोषाचं वय निघालं पन्नास हजार वर्षं. माझे मार्गदर्शक सर हरखून गेले. एका बड्या नियतकालिकात पेपर पाठवायचं ठरलं आणि त्या खुशीत त्यांनी लेखकांच्या यादीत ताईंचं नाव घातलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ताईंनी नावांच्या त्या पानाची एक प्रत घरी नेली, आणि त्या आठवड्यात कुणाचीही फाइल परत आली नाही.

गप्प बसायचं ना मग! पण नाही. पाठवायच्या आदल्या दिवशी बाईंनी माझे आकडे ताडून पाहिले आणि तडक सरांच्या खोलीत गेल्या. मागोमाग मी. ताईंनी सांगितलं की वेग शंभरपट कमी धरला गेलाय, खरं वय पाचशे वर्षंच आहे.

सरांचा चेहरा उतरला, मग पारा चढला. "मॉर्गन कुणी केले होते?"

"मी, सर. पण फाइलीवर मी..."

पुढचं त्यांनी ऐकून घेतलंच नाही. टेक्निशियनला डोक्यावर बसवलं की असंच होतं, म्हणाले, आणि पेनाने नाव खोडलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक. प्रबंधावर सरांची सही बाकी होती. मी चपलांकडे बघत उभा राहिलो. स्वतःचा इतका वैताग मला आधी कधी आला नव्हता, पण वैताग येऊनही तोंड काही उघडलं नाही.

पेपर एका लहानशा नियतकालिकात आला, माझं नाव दुसरं. त्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी आल्या. चार शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या मी.

"निलेश, नावाचं ते पान बाबांनी घरी फ्रेम करून लावलंय रे," त्या म्हणाल्या. "उतरवताना त्यांना काय सांगू?"