पुढचं सांगायचं नाही

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. वडिलांची ही थोरली बहीण. नवरा लवकर वारला म्हणून ती पिशोरला आमच्या घरी परतली. दिवसभर लोकांच्या शेतात अद्रक खुरपायची आणि संध्याकाळी मला पुस्तकांची गोडी लावायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज शेंद्र्याच्या एका कारखान्यात टेबलाशी बसून काम करतो, त्याची सुरुवात तिच्यापासून आहे.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. वाचायची आत्याच. शिक्षण सातवी, पण आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्द न् शब्द कळायचा. रोजचा भाग संपला की पानात लाल दोरा ठेवून ती पुस्तक मिटायची. कुणी म्हणालं, "आक्का, पुढं काय होतं तेवढं सांग की," तर म्हणायची, "पुढचं सांगायचं नाय. उद्या या." घरीही तेच. शाळेच्या कपाटातून मी आणलेलं पुस्तक ती आधी वाचायची, मला अर्धी गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आली की भाकरी थापायला उठायची. पुढचं हवं असेल तर मी वाचावं. असा मी वाचायला लागलो.

नोकरी लागल्यावर सुचवण्याचं काम माझ्याकडे आलं. कादंबऱ्या पाठवायचो, मोबाइलवरच्या मालिका सांगायचो. शेवट मीही सांगत नसे.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला तिचा घसा बसला तो सुटेना. तशातच तिनं विहारात ग्रंथ लावला. शेवटी आम्ही तिला तपासणीसाठी शहरात माझ्या खोलीवर आणलं. वडीलही आले. रिपोर्ट येईपर्यंत तिचा वेळ जावा म्हणून मी एक मालिका सुचवली. गायब झालेल्या पोरीला शोधणाऱ्या पोलीसबाईची. स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून आत्या बघायची. एक भाग संपला की बंद.

"आत्या, पुढचा आपोआप लागतो. बघ की."

"आज इतकंच," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अन् ही बाई रातंदिस पोरगी हुडकती, तर हिची भांडी कोण घासतं?"

"नोकरदार हाय ती," वडील म्हणाले.

"तुझा पोरगाबी नोकरदार हाय. त्याची मीच घासली आज."

रिपोर्ट आले. घशाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी वडिलांना आणि मला आत बोलावून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. लगेच काढलं तर वाचण्याची बरीच आशा आहे, पण आवाज राहणार नाही.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "गाठ काढायची हाय, इतकंच सांगू तिला."

"आणि आवाजाचं?"

"पुढचं सांगायचं नाय. तिचाच कायदा हाय."

हे ते थट्टेनं म्हणाले नव्हते. त्यांना त्यात खरोखर दया वाटत होती, आणि गावाकडे फोन केला तर तिथंही सगळ्यांना ते पटलं. गोष्टींसाठी केलेला नियम आम्ही तिच्या आजाराला लावला.

दुसऱ्या दिवशी वडील तिच्यासाठी मऊ सुती साडी घ्यायला शहागंजच्या बाजारात गेले होते. आत्यानं भाग मध्येच थांबवला. असं तिनं कधी केलं नव्हतं.

"पुढचं सांग," ती म्हणाली.

"मालिकेचं?"

"माझं."

मी सांगितलं. तिनं डब्याला टेकवलेला मोबाइल काढून पालथा ठेवला.

"मग ग्रंथ उरकू दे. अश्विन पौर्णिमेला समाप्ती हाय. त्याच्यानंतर काय काढायचं ते काढा म्हणावं."

"डॉक्टर थांबू नका म्हणतात."

"लावला मी, तर मिटणारबी मीच."

वडील आल्यावर माझ्यावर संतापले. "तुला कोणी सांगाय लावलं व्हतं?" त्यांनी बहिणीला हात जोडले, मीही जोडले. ती मऊ साडीची घडी पिशवीत घालून पिशोरला निघाली.

तिनं ग्रंथ पूर्ण वाचला. आवाज उतरत गेला तसे लोक पुढे सरकत गेले. शेवटी सगळे तिच्या गुडघ्यांजवळ दाटीनं बसायचे आणि मागची सतरंजी मोकळी असायची. समाप्तीची खीर सगळ्यांनी घेतली, तिला गिळवली नाही.

मग ऑपरेशन झालं. आवाज गेला, पण आजार तोवर पसरला होता. आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी या वेळी तिच्यासमोरच सांगितलं. मला अजून वाटतं, सांगणं बरोबर होतं. वडिलांना अजून तसं वाटत नाही. त्यावर आम्ही बोलत नाही.

आता ती गावी आहे. मी फोन केला की ती ऐकते आणि नखानं फोनवर टकटक करते. ती टकटक मला ऐकवत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं.

"आत्या,

सप्रेम जयभीम. थोडं वाचलं तरी तू थकतेस असं बाबा म्हणाले, म्हणून नवं पुस्तक पाठवत नाही. ती मालिका तू मध्येच थांबवलीस, पुन्हा लावली नाहीस. आज तिचं पुढचं सांगतो. रागावू नकोस.

पोरगी जिवंत असते. तिला कुणी पळवलेलं नसतं, ती आपल्या मनानं गेलेली असते. दूरच्या गावी एका मिठाईच्या दुकानात ती काम करताना पोलीसबाईला दिसते. बाई तिच्याकडून पेढे घेते आणि काही न बोलता परत येते. पोरीच्या आईला एवढंच सांगते, की आहे, बरी आहे. आई जास्त काही विचारत नाही. तिथं संपतं.

मी शेवटपर्यंत नीट बघितलं. भांडी कोण घासतं ते दाखवलेलं नाही."