मालकांचं पोतं आणि फोडणीची पळी

सगळ्यात आधी कोण टपकली म्हणता? शेजारची रजियाबी. मी पोतं बांधून दारात उभी, तर म्हणते, "काकी, भंगार विकायला चालली का?"

म्हटलं, "भंगार तुझ्या घरी! आमच्या मालकांची हत्यारं हायेत."

मालक नळफिटर होते. ते गेल्यापासून पोतं पडून. अर्ध्या वस्तूंची नावंसुद्धा मला येत नव्हती. लातूरला त्यांच्या जोडीचे शिवप्पा मिस्त्री राहतात, त्यांच्याकडून एकेक नाव वदवून घ्यायचं म्हणून लई आनंदात निघाले.

बिलोलीहून देगलूर, तिथं बस बदलून उदगीर. बायकांना अर्धं तिकीट, पण पोतं बघून कंडक्टर कुरकुरतो. पोतं ड्रायव्हरच्या मागं सरकवायचं आणि आपण गोड बोलायचं.

उदगीरला लेकीकडं, सुमनकडं मुक्काम. तिनं वरणाला फोडणी दिली ती मालकांच्याच पळीत. चोचीची लोखंडी पळी, ते गेल्यावर मीच पोत्यातून काढून तिला दिलेली. आतून अशी चमकते की बाया विचारतात, कल्हई कुठून केली? मी दोनदा वरण घेतलं. चार वर्षांची नात पिहू मात्र ताट सरकवून पोट धरून बसली.

"वर्षभर असंच करून राहिली," सुमन म्हणाली. "जंताचं औषध तीनदा झालं, आई."

मी ओव्याचं पाणी पाजलं. मालकांचंही पोट असंच दुखायचं. त्यांनाही ओवाच द्यायचे.

सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन लातूर गाठलं. शिवप्पा भावजींनी अंगणात पोतं ओतलं आणि हरखून गेले. "वहिनी, ही डाय, पाइपाला आटे पाडायची. हा रॉकेलचा दिवा, भसाभसा ज्वाळा फेकतो." सगळ्यांची नावं सांगून झाल्यावर शेवटी एक बोथट छिन्नी उचलली. "बिडाच्या पाइपाच्या जोडात आधी सुतळी भरायची, वरून शिसं ओतायचं, मग हिनं ठासायचं. पण हिच्या जोडीची पळी कुठाय?"

"सुमनकडं हाय. फोडणी काय झकास बसती तिच्यात!"

भावजी हसले न्हाईत. "वहिनी, शिसं वितळवायची पळी हाय ती. आतली चमक कल्हईची न्हाई, शिशाची. ईख हाय ते. सुमनच्या लेकराला आधी दवाखान्यात न्या."

चहा तसाच सोडून पोतं भरलं आणि मिळेल त्या बसमध्ये चढले. वाटेत काय दिसलं, विचारू नका.

उदगीरला पोचले तर पळीत मोहरी तडतडत होती. तेलासकट मोरीत ओतली. सगळं ऐकून सुमन एवढंच म्हणाली, "आई, तूच दिली होतीस."

हाव. मीच.

डॉक्टरांनी सुमन-पिहू दोघींचं रक्त घेतलं. शिसं निघालं तर मोठ्या दवाखान्यात पाठवतो म्हणाले.

पिहूला कडेवर घेऊन सुमन मला बिलोलीला सोडून गेली. पळी मी संगं आणली. फेकली असती तर कुणीतरी उचलून, घासून चुलीवर ठेवली असती. छिन्नीला तारेनं बांधून पोत्यात घातली. सगळ्या हत्यारांची नावं आता मला येतात. तुमच्याही घरी असं काही असेल तर आधी जाणत्याला दाखवा, मग हात लावा.

रिपोर्ट घेऊन दोघी गुरुवारी येतो म्हणून गेल्यात. आज सोमवार, अजून तीन दिवस.