नानीच्या अंड्यातला बलक

१९८६ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मेहरूणमधल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात मी अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आणून सोडला. खुराड्याच्या जाळीसकट दोनशे दहा रुपये लागले. हजर होतो मी, माझी पत्नी, नऊ वर्षांची मुलगी सुधा, आणि कोणी न बोलावता कुंपणापलीकडून पाहणारी शेजारीण नानी. नानी धुळ्याकडची, साठी उलटलेली, एकटी राहणारी. पहिले वाक्य तिनेच टाकले. "भाऊ, कोंबड्या तं चांगल्या आन्यात. पन यासले खावाडशी काय?"

मी तेलगिरणीत हिशेबनीस होतो. खाद्याचे प्रमाण मी किलोत ठरवूनच ठेवले होते. ते तिला सांगितले. नानी हसली. नानीचे हसणे म्हणजे अख्ख्या आळीला वर्दी असे. समोरच्या घरातली माणसे ओट्यावर येऊन विचारत, काय झाले म्हणून, आणि नानी हात लांबवून दाखवी, कोणाला काय झाले ते. त्या दिवशी हात माझ्याकडे होता.

कोंबड्या आणण्याचे कारणही नानीच होती. त्या उन्हाळ्यात सुधाला विषमज्वर झाला. उतरल्यावर डॉक्टरांनी रोज एक अंडे सांगितले. मी बाजारातून आणलेली अंडी पोरीने थुंकून टाकली. नानीने आपल्या कोंबडीचे एक उकडून, मीठ लावून आणले, मांडीवर घेऊन भरवले, ते तिने खाल्ले. बलक झेंडूसारखा होता. मग रोज संध्याकाळी सुधा कुंपणाच्या फटीतून पलीकडे जाऊ लागली. नानी पैसे घेईना. माझ्या मुलीची तब्येत दुसऱ्याच्या अंगणात सुधारत होती, आणि ते मला सहन होत नव्हते. आपल्या घरचे अंडे तिने खावे, एवढ्यासाठी मी तो सगळा संसार मांडला.

नानीकडे गावठी कोंबड्या, पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या दोन पांढऱ्या, दोन बदके, कोंबडा आणि कायम कुठली तरी पिल्ले. इतक्या तऱ्हेच्या जिवांना ती एकाच अंगणात पोसत होती, आणि तेही माझ्याहून निम्म्या खर्चात. पिठाच्या गिरणीत सांडलेली ज्वारी-बाजरीची कणी, डाळमिलमधली तुरीची चुनी, थोडी शेंगदाण्याची पेंड, भाजीबाजार उठताना मिळणारा मेथीचा पाला, आणि आठवडेबाजारातल्या सुकटीचा चुरा. मोजमाप मुठीचे. तिची मूठ कधी मोठी, कधी लहान होई. मी ते कुंपणावरून पाहत असे. अशा गैरशिस्तीला अंडी यावीत याचा मला राग होता.

पिल्लांसाठी ती टोपले पालथे घालून एका बाजूला विटेचा तुकडा लावी. त्या फटीतून पिल्ले आत जात, मोठ्यांची नुसतीच मान जाई. आत बारीक कणी आणि सुकट जास्त. तळ्यातल्या शिंपल्या कुटून त्या ती दाण्यात कधीच मिसळत नसे. फुटक्या परातीत वेगळ्या ठेवी. मी विचारले, सगळ्यांना सारख्या का देत नाहीस? म्हणाली, "जिले आंडं देनं शे ती खाई. कोंबडा हुंगी नि निंघी जाई. तू कशाले ठरावस?"

मी ठरवत होतो. गिरणीतून मला सरकीची ढेप जवळजवळ फुकटात मिळे. म्हशी तिच्यावर दूध देतात, मग कोंबड्यांनी अंडी का देऊ नयेत? खाद्यात तिसरा हिस्सा ढेप घातली. खर्च उतरला. अंडीही आली. आठ दिवसांची साठवून मी सुधासाठी एक उकडले आणि तिच्यासमोर मधोमध कापले. बलक शेवाळासारखा हिरवट-काळा.

"बाबा, हे मेलंय," सुधा म्हणाली.

दुसरे कापले, तेही तसेच. पत्नी म्हणाली, "अहो, नजर लागली." कोणाची, ते तिने सांगितले नाही, मी मात्र लगेच कुंपणाकडे पाहिले. ते खरे असावे असे मला फार वाटत होते.

नानीने पलीकडून येऊन अंडे हातात घेतले, वास घेतला आणि थेट खाद्याच्या डब्याशी गेली. "सरकी!" ती ओरडली. "अरे भाऊ, कोंबडीनं पोट म्हशीनं शे का?" माहेरच्या गोठ्यात कोंबड्या ढेप टिपत, तेव्हा अशीच अंडी निघत, हे तिने मला सांगितले आणि मग आळीला सांगितले. पुढचे दोन महिने मला गिरणीच्या रस्त्यावर लोक विचारत, "काय भाऊ, म्हशी किती अंडी देतात?"

ढेप बंद केली. चुनी आणली, सुकट आणली, शिंपल्यांची परात वेगळी ठेवली. सगळे नानीचेच, फक्त तराजूने. महिन्याने बलक पिवळाधमक निघाला. अंडे मी स्वतः उकडून सुधासमोर ठेवले. तिने अर्धे खाल्ले आणि विचारले, "नानीचंच आहे ना?"

मी खोटे बोलत नाही. "आपलं आहे," म्हणालो.

उरलेले अर्धे तिने ताटातच ठेवले. "छान आहे," एवढे म्हणाली आणि फटीतून पलीकडे गेली. तेवढा जळफळाट माझा गिरणीच्या साहेबाने मला मिळायच्या वरच्या जागेवर स्वतःचा भाचा बसवला तेव्हाही झाला नव्हता.

सहा वर्षांनी नानीचा मुलगा तिला धुळ्याला न्यायला आला. तिथे दुसऱ्या मजल्यावरची खोली, अंगण नाही. मी शंभराची नोट घेऊन गेलो. म्हटले, "नानी, तुझ्या कोंबड्या मी घेतो. भाव तू सांग."

नानीने नोटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्या दिवशी ती हसली नाही. "या सुधान्या. भाऊ, तू निस्तं पानी भर."

सुधा तेव्हा पंधरा वर्षांची होती. एकेक कोंबडी ती नावाने हाक मारून उचलत होती. मला त्यांतले एकही नाव माहीत नव्हते. सुधाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि नानी आपल्या पदराने तिचे नाक पुसत होती. मी तिथेच, हाताच्या अंतरावर, उभा होतो.

"पन फुकटनी कोंबडी घरमा टिकस नही," नानी म्हणाली. "काई तरी दे."

सुधाने घरात जाऊन आपले साठवलेले पैसे आणले. सव्वा रुपया. दिला सुधाने, घेतला नानीने. शंभराची नोट माझ्या खिशात परत आली.