जुन्या डब्याचं नवं लिनक्स आणि माझी घाई

काल रविवारी चांदूर रेल्वेच्या माझ्या घरात मी चक्क टाळ्या वाजवल्या... आमचा जुना कॉम्प्युटर नव्या लिनक्सवर सुरू झाला!

हा डबा ह्यांनी घेतलेला. हे गेल्यापासून मी त्याच्यावर आमच्या मंडळाची भजनं मोठ्या अक्षरात टाइप करते, चष्मा लावायला लाजणाऱ्या बायांसाठी. विंडोज त्याला झेपेना, म्हणून अमरावतीच्या जावईबापूंनी जुन्या मशीनवर चालणारं हलकं लिनक्स टाकून दिलं होतं.

आता त्या व्हर्जनची मुदत संपत आली. लेकीनं बजावलं, "आई, नवीन याच्यावर नाई चाललं, तं हे भंगारात देजो."

आणि नवीन व्हर्जन काही येईना! म्हणे दोन-दोन वर्षांनी येतं... मी दर दोन दिवसांनी जावईबापूंना छळायची. "कावून हो, झोपले का तुमचे लिनक्सवाले?"

"आई, ते नोकरी सांभाळून फुकटात करून राहिले. तपासल्याबिगर देत नाईत."

"माणसं कमी पडत असतीन. मले बोलवा म्हणा तपासाले!"

मी टोमणा मारला होता हो... पुढच्या रविवारी जावईबापू खरंच ट्रायलचं व्हर्जन पेनड्राइव्हमध्ये घेऊन हजर!

बटण दाबलं आणि पडदा काळाठिक्कर. कळवायचं म्हणून मी फोटो काढला, तर त्या काळ्या पडद्यात माझंच तोंड! तोच लिनक्सवाल्यांना पाठवला. खाली जावईबापूंनी मशीनची माहिती इंग्रजीत लिहिली.

तिसऱ्या दिवशी उत्तर... असं मशीन आमच्यात कोणाकडेच नाही, हे नीट झाल्याशिवाय व्हर्जन काढणार नाही, तुम्ही तपासत राहाल का?

मग काय! दर रविवारी ताजा पेनड्राइव्ह. जावई घरी यावा म्हणून दिवाळीची वाटच बघावी लागली नाही. तीन रविवार काळे गेले... आणि काल पडद्यावर रंग आले!

जावईबापू हसत म्हणाले, "आई, जगभरातले लोक विचारून राहिले, एवढा उशीर कोणामुळं. सांगू का?"

"सांगा नं! म्हणा, माह्या सासूमुळं."

कोण कुठली माणसं... मला ओळखतही नाहीत, आणि एका बाईच्या जुन्या डब्यासाठी महिनाभर थांबली. त्यांनी माझ्यासारखी घाई केली असती ना, तर आज हा भंगारवाल्याच्या गाडीवर असता.