ताईच्या ओंजळीखाली

गेल्या वर्षी आषाढ संपता संपता माझ्या मुठी मिटेनाशा झाल्या. सकाळी उठलं की बोटं लाकडासारखी. तासाभराने, गरम पाण्यात हात गेले की जरा सैल व्हायची. सूज म्हणाल तर नाही. दुपारी हात इतके धडधाकट दिसायचे की मलाच वाटे, आपण उगाच कुरकुरतो. थकवा मात्र असा, की बदलापूरच्या आमच्या घराचा एक जिना चढला तरी चप्पल काढण्याआधी भिंतीला टेकावं लागे. देवापुढे रोज दिवा लावत होते, पण खरं सांगते, नुसते हात जोडले जात होते. मन कुठेच नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, संधिवात अजून झालेला नाही, पण रक्तात त्याची चाहूल आहे. शरीराचे पहारेकरी कधी कधी आपल्याच घरच्यांवर संशय घ्यायला लागतात. रक्तात ते आधी सुरू होतं, सांध्यांना कळेपर्यंत काही वर्षंही जातात. कुणाकुणाला पुढे होतही नाही. मशेरी बंद करा, हिरड्या दाखवून घ्या, अधूनमधून येत जा. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला आहे का? मी "नाही" म्हणाले. डॉक्टरांपुढे बसून सरळ खोटं बोलले.

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीलाच आहे. ताई उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये राहते. आई होती तेव्हा ती घरी बसून कारखान्यातल्या जीन्सचे सुटे धागे कापायची. आमची आई पडून अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही महिन्या-महिन्याच्या पाळ्या लावल्या होत्या. ताई म्हणायला लागली, सकाळी माझ्या हातांनी फडकं पिळवत नाही गं, आईला कुशीवर कशी वळवू? तिच्या हातांचा एक्स-रे काढला होता, तो स्वच्छ निघाला. तो रिपोर्ट मी आईच्या खाटेपाशी उभी राहून, भाऊ-वहिनीसमोर मोठ्याने वाचला आणि वर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. आळस काही फोटोत दिसत नाही." वहिनी हसली. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. वर्षभरात आई गेली, थोरली कामचुकार निघाली हे मनात धरूनच गेली. त्यानंतर ताईची बोटं सुजली, मग वाकडी झाली. सगळे हळहळले, मीही हळहळले. त्या वाक्याबद्दल मात्र इतक्या वर्षांत कधी तोंड उघडलं नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले ती श्रद्धेने नाही, भीतीने. तिथला गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पायऱ्या ओल्या होत्या आणि हातातला तांब्या कलायला लागला. बोटं धरेनात. तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने तांब्या खालून उचलून धरला. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची बाई होती. विकायला आणलेली बेलाची टोपली वर ठेवून आधी देवाला पाणी घालायला उतरली होती.

"मूठ नाय मिटत ना सकालची? नको धरू. तू हात ठेव नुसता."

तसंच आम्ही दोघींनी मिळून पाणी घातलं. वर येताना तिने सहज विचारलं, घरात कोनाला हाय का असं? तोच प्रश्न. या वेळी तोंडातून खरं निघालं, "ताईला आहे."

"मंग तिला नाय आनली?"

एवढं बोलून ती टोपलीपाशी बसली आणि गिऱ्हाईकाशी बोलायला लागली. मी घरी न जाता शेअर रिक्षाने थेट ताईकडे गेले.

ताई दारात बसून हात चोळत होती. मी चपलाही न काढता सगळं बोलले, ते वाक्य आहे तसं पुन्हा उच्चारलं. ती म्हणाली, "हे आईला सांगायला हवं होतंस. मला काय, मला माहीतच होतं." मी रडायला लागले तशी म्हणाली, "झालं बोलून? मग चहा टाक. माझ्याने गाळणं धरवत नाही, तुला अजून धरवतंय." चहा झाल्यावर तिने माझा हात मांडीवर घेतला आणि आपल्या वाकड्या बोटांनी माझं एकेक बोट मिटवून पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं त्याहून सावकाश.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना खरं सांगितलं. मशेरी सुटली. रक्तातली चाहूल तशीच आहे. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, आणि ते हातात नाही म्हणून आता तितकी धास्तीही वाटत नाही. ती बेलवाली बाई पुढच्या सोमवारी तिथेच भेटली. तिने मला ओळखलं नाही. गर्दीत वाट अडवली म्हणून चार शब्द सुनावले. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

आता सोमवारी ताईला बरोबर नेते. तिला पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून तीर्थ मी वर आणते. तिची ओंजळ नीट जुळत नाही, पाणी खाली गळतं. मी तिच्या ओंजळीखाली माझी धरते. माझीही पुरती जुळत नाही. पण दोघींना पुरेल एवढं तीर्थ हातांत राहतं.