विहिरीचं काय झालं?

माझ्या वहिनीच्या जिवावर चौदा जणांनी पदव्या मिळवल्या. हे मी चिडून म्हणतोय असं वाटेल. वाटू दे, चिडूनच म्हणतोय.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांची कपाटं सांभाळतो. विद्यार्थी चार-चार वर्षं अभ्यास करतात, जाडजूड प्रबंध लिहितात, तो काळ्या पुठ्ठ्यात बांधून माझ्याकडे येतो. मी त्याच्या पाठीवर क्रमांक चिकटवतो, आपापल्या विषयाच्या कपाटात लावतो आणि दर शनिवारी फडकं मारतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. मुलं मला कपाटकाका म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

ग्रंथालयाच्या मागे भिंत आहे, भिंतीला एक छोटं फाटक, आणि फाटकाच्या पलीकडे आमची वस्ती. नोकरी लागल्यावर मला क्वार्टर मिळालं म्हणून मी इकडे राहायला आलो. दादा आणि वहिनी मात्र जुन्या घरातच राहिले. दादा शिंपी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं मशीन होतं आणि मागच्या अंगणात विहीर. पदवीदानाला मुलं जे काळे झगे घालतात ना, ते दादाच शिवायचा. स्वतः मात्र त्या सभागृहात कधी गेला नाही.

आता सर्वेक्षण म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो. घरोघर जायचं, दारं वाजवायची, लोक तोंडावर दार आपटणार. मग एखादा माझ्या टेबलापाशी घुटमळायचा. "काका, कुणी नीट बोलणारं माहीत आहे का हो?" मी ऐटीत सांगायचो, "मागच्या फाटकातून बाहेर पड, शिंप्याचं घर विचार. माझी वहिनी आहे. तू वही उघडायच्या आत तिची दोन उत्तरं देऊन झालेली असतील."

वहिनी होतीच तशी. तोंडात तीळ भिजायचा नाही तिच्या. शाळा चौथीपर्यंतच, पण बोलायला बसली की प्राध्यापकांनी गप्प बसावं. आलेल्या पोराला आधी चहा, मग त्याच्या आईची चौकशी, मग त्याचे प्रश्न. समाजशास्त्रवाले घरात निर्णय कोण घेतं ते विचारायचे. आहारशास्त्रवालीने तिच्या वाट्या मोजल्या. भाषाशास्त्रवाला यंत्र लावून तिचं बोलणं भरून घ्यायचा आणि घरी जाऊन ऐकत बसायचा. मानसशास्त्रवाल्याने शाईचे डाग दाखवून विचारलं, काय दिसतं? वहिनी म्हणाली, "शाई सांडलेली दिसते बाबा. दौत जरा जपून धरत जा."

मी एकदा तिला म्हटलं, "वहिनी, कंटाळा नाही येत? पोरं येतात, तुझं डोकं खातात आणि जातात."

"कसला कंटाळा?" ती म्हणाली. "अरे, उभ्या आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून. तुझ्या दादाने तर नाहीच. ही पोरं विचारतात, आणि वर लिहून घेतात!"

दादा मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "मी विचारायला तू मला मधे जागा कुठे देतेस?"

बाटलीवाली आली ती अशीच, माझ्याकडूनच. भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी. किडकिडीत, मोठ्या चष्म्याची, पाठीवर पोतडी आणि पोतडीत बाटल्याच बाटल्या. वस्तीतल्या विहिरींचं पाणी तपासत होती. वरच्या अंगाला पूर्वी धातूला मुलामा द्यायचा एक कारखाना होता, तो बंद पडला होता. त्याचं काही जमिनीत मुरलंय का, हा तिचा विषय. तिने दादाच्या विहिरीतून तीन बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, वहीत घराचा नकाशा काढला. जाताना वहिनीचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, रिपोर्ट आला की मी स्वतः आणून देईन."

नाव वहिनीने विचारलं नाही. आईची चौकशी केली, चहा पाजला, आणि नाव विचारायचंच राहून गेलं.

ती मुलगी पुन्हा आली नाही.

पुढे वर्षभराने दादा म्हणायला लागला की पाण्याला काहीतरी वेगळी चव लागते. जिभेवर लोखंड ठेवल्यासारखी. कोपऱ्यावर नळ होता, तिथून घागर आणत जाऊ म्हणाला. वहिनीने त्याला वेड्यात काढलं. "एवढी शिकलेली मुलगी बाटल्या भरून घेऊन गेली. पाणी वाईट असतं तर धावत आली असती सांगायला. आली का? नाही ना? मग झालं तर! तुमचं तोंडच कडू झालंय." आणि आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा हसलो, हे लिहायला पाहिजे.

दादाने घागरीचा विषय पुन्हा काढला नाही. पाच वर्षांत त्याची मूत्रपिंडं गेली आणि त्यामागून तो गेला. शेवटच्या हंगामातले झगे अर्धे शिवून मशीनवर पडले होते. ते वहिनीने पुरे केले.

दादा गेल्यावर वहिनीला त्या रिपोर्टचा ध्यास लागला. संशय आला होता असं नाही म्हणणार मी. तिला खात्री करून घ्यायची होती, की आपण त्यांना अडवलं ते बरोबरच होतं. माझ्यामागे लागायची. "तू तिथेच असतोस ना रे दिवसभर? बघ की, तिचं काही आलंय का."

"नाव काय तिचं?"

"बाटलीवाली."

"वहिनी, बाटलीवाली अशी आमच्या यादीत नोंद नसते," असं म्हणून मी हसण्यावारी न्यायचो. पुढच्या वेळी म्हणायचो, बघतो. त्याच्या पुढच्या वेळीही बघतो. आमच्याकडे प्रबंध हजारो. आणि खरं सांगू? मी ते लावतो, पुसतो, वाचत नाही. दहावी नापास माणूस मी. त्यांच्या पाठी मला पाठ आहेत, पोट नाही.

मग वहिनीने दुसरा मार्ग धरला. प्रत्येक पोराच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, तुम्हाला काही विचारायचं आहे का? बाकीचे लोक नाही म्हणून मोकळे होतात. वहिनी दरवेळी एकच विचारायची, "आमच्या विहिरीचं काय झालं?" पोरं मान डोलवायची आणि लिहून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजले. मूत्रपिंडंच. आठवड्यातून दोनदा यंत्रावर झोपवून रक्त धुवायचं. तिथेही एक डॉक्टर होऊ घातलेला मुलगा अभ्यासाचा कागद घेऊन आला. पाणी कुठलं पिता? वहिनीने सांगितलं, "विहिरीचं. तपासलेलं आहे." त्यानेही लिहून घेतलं.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला. सगळे जुने प्रबंध यंत्रात घालून त्यांच्या पानांचे फोटो काढायचे, आणि त्याआधी पानं नीट आहेत ना हे एकेक उलटून पाहायचं. ते काम माझ्याच गळ्यात. जन्मात पहिल्यांदा मी माझी कपाटं उघडून आत बघायला लागलो.

समाजशास्त्राच्या एका प्रबंधात थबकलो. पान उलटता उलटता दिसलं: उत्तरदाती क्रमांक सतरा, शिंप्याची पत्नी, विचारते, 'आमच्या विहिरीचं काय झालं?' खाली विद्यार्थ्याचं म्हणणं, यातून व्यवस्थेवरचा अविश्वास दिसतो. मला हसू आलं. वहिनी छापून आली की! मग भाषाशास्त्राच्या कपाटात तेच वाक्य पुन्हा. तिथे त्याचे तुकडे पाडले होते, आवाज कुठे चढतो त्याच्या खुणा केल्या होत्या. मानसशास्त्रात लिहिलं होतं, एकच प्रश्न वारंवार विचारणे हे शोकाचे लक्षण. वैद्यकशास्त्रात एका तक्त्यात छोटासा चौकोन: पाणी, विहीर, तपासलेली.

प्रत्येकाने तिचं म्हणणं नीट उतरवून घेतलं होतं. एक काना-मात्रा चुकलेली नव्हती.

भूगर्भशास्त्राचं कपाट खिडकीखाली आहे. तिकडे मी बारा दिवसांनी पोचलो. तिसऱ्या फळीवरचा सातवा प्रबंध. शेवटी एक घडीचं पान होतं, ते उलगडलं तर हाताने काढलेला नकाशा. ग्रंथालयाची भिंत, फाटक, आणि फाटकापलीकडे एक चौकट: शिंप्याचं घर. मागे गोल: विहीर, नमुना नऊ. नमुना नऊच्या पुढे कुठल्याशा धातूचं नाव, असायला हवं त्याच्या आठपट, मूत्रपिंडांना घातक, पिण्यास अयोग्य. आणि शेवटच्या प्रकरणात शिफारस, की या विहिरी ताबडतोब बंद कराव्यात.

शिफारस कुणाला केली होती, बाई? माझ्या कपाटाला? मी प्रबंध मिटून त्याची पाठ पाहिली. प्रबंधाच्या पाठीवरचा क्रमांक माझ्या अक्षरात होता. तारीखही. बाटल्या भरून नेल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची. दादा अजून पाच वर्षं जगायचा होता. वहिनीचा प्रश्न या भिंतीला तीन कपाटांत, उत्तर त्या भिंतीला एका कपाटात, मधे सतरा पावलं, आणि त्यांतून फडकं घेऊन दर शनिवारी फिरणारा मी. आईशप्पथ सांगतो, त्या मुलीचा गळा धरावासा वाटला. मग वाटलं, ती वचन विसरली ते एकदा. मी 'बघतो' किती वेळा म्हणालो?

प्रबंध ग्रंथालयाबाहेर न्यायची कुणालाच परवानगी नाही. मी सदऱ्याखाली घातला आणि फाटकातून बाहेर पडलो.

सांगावं की नाही, हा विचार मनात आलाच नाही असं नाही. पण पुतण्या, म्हणजे दादाचा मुलगा, आणि त्याची बायको त्याच घरात राहत होते, तेच पाणी पीत होते. त्यांना नुसतं गुपचूप सांगता आलं असतं. मात्र विचारलं होतं ते वहिनीने, सहा वर्षं विचारलं होतं. तिला वगळून कसं सांगू?

ती दादाच्या मशीनपाशी बसली होती. मी घडीचं पान तिच्या मांडीवर पसरलं. तिने बोट ठेवून घर शोधलं, विहीर शोधली, खूश झाली. "बघ, फाटकसुद्धा काढलंय पोरीने!" मग मी वाचून दाखवलं. सगळं. तारीखसुद्धा.

मला वाटलं होतं, ती त्या मुलीला शिव्या देईल. मला देईल. मी वाट बघत होतो त्याची. तिने त्या गोलावर पुन्हा बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली,

"म्हणजे ह्यांना चव बरोबर लागत होती."

"वहिनी, तुला काय माहीत असणार..."

"मी हसले रे त्यांना. घागर घेऊन निघाले होते ते. मी घागर हातातून काढून घेतली."

तिने पान पुन्हा घड्या पडल्या होत्या तसंच दुमडलं आणि माझ्या हातात दिलं. "नेऊन ठेव जागेवर," ती म्हणाली. "पोरीचा अभ्यास आहे. खरा निघाला."

पुतण्याने त्याच आठवड्यात विहिरीवर फळ्या ठोकल्या. वहिनी त्यानंतर चार महिने होती. चहा करायची, बसा म्हणायची, पण तिचं बोलणं आटलं. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. ती विचारायची, जेवलास का? एवढंच.

त्या चार महिन्यांत एकच मुलगी आली, परिचारिकेचं शिक्षण घेणारी. कुणी पाठवली कोण जाणे, मी नाही. मी तिथेच होतो. तिला हाकलून देणार होतो, पण वहिनीने मला हाताने खाली बसवलं. तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, थोडक्यात, विचारलं तेवढंच. मुलगी शेवटच्या ओळीवर आली. "मावशी, तुम्हाला काही विचारायचंय?"



"नाही गं," वहिनी म्हणाली.

मुलीने खूण केली आणि कागद पिशवीत घातला.

तो प्रबंध या महिन्यात माझ्याकडे बांधून आला. आता मी आलेला प्रत्येक प्रबंध उघडून वाचतो, कळो न कळो. एकतिसाव्या क्रमांकाच्या बाईच्या पुढे शेवटच्या रकान्यात लिहिलंय, 'प्रश्न नाहीत'. मी त्याच्या पाठीवर क्रमांक चिकटवला आणि त्याला त्याच्या विषयाच्या कपाटात लावलं.