फोनवर माझं नाव ‘सुकट वैशाली’

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. अर्धी रजा टाकून मी दुपारी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं दार लोटून बसले होते. फोनवर इंटरव्ह्यू होता... आणि माझी ओळख माझ्याआधीच तिथे पोचली.

या ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांनी स्वतःबद्दल लिहायचं असतं म्हणे. मग हाच किस्सा सांगते, मी कोण ते त्यात येईलच.

मी वैशाली. तेव्हा अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघत होते. घरी नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना दिवसभर घरात सोडून जाणं माझ्या जिवावर यायला लागलं. पगार थोडा कमी चालेल, पण नोकरी वसईतच करायची आणि दिवेलागणीला घरात असायचंच, हे मी ठरवून टाकलं होतं.

आता साइड बिझनेस. आम्ही सुकट विकतो, म्हणजे सुकवलेला जवळा! रविवारी सकाळी स्कूटरवरून राजोडीच्या किनाऱ्यावर जायचं, तिथल्या मावशींकडून कडकडीत वाळलेला माल आणायचा. सासूबाई सुपात घेऊन निवडतात, मी भाजते आणि चटणी करते, मुलगी पाकिटांना लेबलं लावते. नवऱ्याकडे डिलिव्हरी... आणि वरच्या काकूंना वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावायचं खातं.

हे सगळं खरं तर सासूबाईंमुळे सुरू झालं. ऑपरेशननंतर त्या अगदी गप्प गप्प झाल्या होत्या, टीव्हीसुद्धा लावायच्या नाहीत. एकदा सहज त्यांच्यापुढे सुकटीने भरलेलं सूप निवडायला ठेवलं, तर निवडता निवडता चिपळूणच्या जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगायला लागल्या. त्यांनी सांगितली तशी केलेली चटणी शेजारणींनी चाखली आणि ऑर्डरी यायला लागल्या.

पण हे इंटरव्ह्यूत सांगायची सोय नव्हती. त्याआधी एका ठिकाणी मी भाबडेपणाने सांगितलं, तर तिथले साहेब म्हणाले, “हे साइडचं लचांड आम्हाला चालत नाही.” त्यामुळे या वेळी ‘सु’सुद्धा उच्चारायचा नाही, असा पक्का निश्चय. इंग्रजीत इंट्रोडक्शन पाठ केलं होतं. ‘मायसेल्फ वैशाली’ म्हणायचं नाही, ‘आय अ‍ॅम वैशाली’ म्हणायचं, हे मुलीने मला बजावून बजावून सांगितलं होतं.

फोन लावला. पलीकडून वसईतल्या त्या कंपनीच्या मॅडमनी उचलला आणि विचारलं, “हॅलो... सुकट?”

मी ‘आय अ‍ॅम’वरच अडकले.

“नाही, इथे तुमचं नाव ‘सुकट वैशाली’ दिसतंय.”

अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं ते अ‍ॅप! लोकांनी तुम्हाला ज्या नावाने सेव्ह केलंय, तेच ते दाखवतं. कुणी गॅसवाला रमेश असतो, कुणी इस्त्रीवाले काका, तशी मी सुकट वैशाली. काडीसारख्या पोरींना आपण सुकट म्हणून चिडवतो ना... मला प्रत्यक्ष पाहिलेल्यांना माहीत आहे, त्या अर्थाने तर हे नाव मला मुळीच शोभत नाही.

“कुणीतरी चेष्टेने सेव्ह केलं असेल, मॅडम,” हे अगदी ओठांवर आलं होतं. पण दाराच्या फटीतून सासूबाई दिसल्या. हॉलमध्ये मांडीवर सूप घेऊन एकचित्ताने निवडत होत्या. त्यांना चेष्टा म्हणायला माझी जीभच उचलेना.

“बरोबर दिसतंय, मॅडम. ती मीच,” मी म्हटलं. इंग्रजी गेलं उडत, सगळं मराठीत सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आम्ही तुम्हाला घेतलं तर हे बंद कराल?”

“नाही, मॅडम. ऑफिसच्या वेळेत सुकटीचा एक फोन घेणार नाही, पण रविवार माझ्या घराचा आहे. बंद नाही करणार.”

तेवढ्यात हॉलमधून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, “अगो, त्यांना सांग, बोंबलाची चटणी पण मिळते!”

“कळवतो,” म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

संध्याकाळी नवरा म्हणाला, त्या अ‍ॅपमध्ये नाव बदलता येतं, बदलून टाक. मी म्हटलं, अजिबात नाही. सासूबाई मात्र जेवल्याच नाहीत नीट. “माझ्यामुळे गेली काय गो तुझी नोकरी?” असं त्यांनी विचारलं तेव्हा मला रडूच आलं.

सोमवारी प्रत्यक्ष भेटायला बोलावणं आलं. मॅडमनी जीएसटीपासून सगळं खोदून खोदून विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, “आमच्याकडे कुणीही कसलंही बिल आणून ठेवतं आणि पास होतं. मला अकाउंट्समध्ये ‘नाही’ म्हणू शकणारी बाई हवी होती.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी स्टाफशी ओळख करून दिली तीसुद्धा ‘सुकट वैशाली’ म्हणूनच. सगळे हसले, मीही हसले.

तर मंडळी, अनोळखी नंबरवर हे नाव दिसलं तर कट करू नका... मीच आहे. आणि आई, त्या दिवशी मी पाठ केलेलं सगळं विसरले ते तुमच्याकडे बघून. फार बरं झालं.

हल्ली मी दिवेलागणीच्या आत घरी पोचते. सासूबाई मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात, आणि मी चप्पल काढायच्या आत विचारतात, “आज किती जणांना नाही म्हणालीस गो?”